लग्नाला उशीर का होतो

वैजयंता ढवळे यांना प्रश्न विचारायची खोडच होती. औषधांच्या गोदामात पॅकिंगला होत्या, तिथे कुठली गोळी कशावर चालते हे विचारून विचारून त्यांनी सुपरवायझरला हैराण केलं होतं. जेसल पार्कच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट दुरुस्त करायला माणूस आला की या जिन्यात उभ्या. त्यामुळे त्यांच्या मानसीचं लग्न मीरा रोडच्या निकेतशी ठरलं, आणि मानसीने मैत्रिणीकडून बनवून घेतलेलं लग्नाच्या दिवसाचं वेळापत्रक मोबाइलवर दाखवलं, तेव्हा आता काय होणार हे घरच्यांनी ओळखलं.

नऊला मेकअप, साडेअकराला वऱ्हाड, सव्वाबाराला लग्न, एकला जेवण.

"यात कुणी बाथरूमला जात नाही का गं?" वैजयंताबाईंनी विचारलं.

"आई!"

"आणि तू खाणार कधी? लिपस्टिक लावल्यावर?"

"अगं, हे असंच असतं. सव्वाबारा छापलं की लोक एकला येतात. आपल्याकडची लग्नं लेट होतातच."

"पण का होतात?"

मानसीचे वडील बुद्धभूषण पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "आपण मुहूर्त मानत नाही ना, म्हणून."

हे काही वैजयंताबाईंना पटलं नाही. मुहूर्त नाही म्हणजे वेळ आपणच आपल्या सोयीने ठरवलेली. मग तर ती पाळायला जास्त सोपी.

पुढच्या रविवारी नीटनेटकी साडी नेसून त्या एकट्याच निघाल्या आणि मानसीसाठी बुक केलेल्या हॉलवर गेल्या. तिथे कुणाचं तरी लग्न होतं. वॉचमनने विचारलं, "किसकी तरफ से?"

"दोनों की," म्हणत त्या आत शिरल्या.

लग्न त्यांच्यासारखंच, बौद्ध पद्धतीचं होतं. स्टेजवर बुद्धमूर्ती, हार, मेणबत्त्या, सगळं मांडलेलं. बौद्धाचार्य येऊन बसलेले. पांढऱ्या सफारीतला नवरा मोबाइल बघत होता. खुर्च्या भरल्या होत्या, पत्रिकेवरची वेळ केव्हाच टळून गेली होती, आणि काहीच होत नव्हतं.

वैजयंताबाई बौद्धाचार्यांजवळ गेल्या. "सर, कशासाठी थांबलंय?"

"मुलीचे मामा सांगतील तेव्हा सुरू करू."

मामा दारात सापडले. ते म्हणाले, "आम्ही तयारच आहोत हो. मुलाकडचे कुणीतरी यायचेत म्हणे."

मुलाचे काका पंख्याखाली बसले होते. "आमचं कुणी राहिलं नाही. मुलीचा मेकअप चाललाय ना?"

त्या नवरीच्या खोलीत गेल्या. पांढऱ्या साडीत नटलेली मुलगी केव्हाची तयार होऊन ताठ बसली होती. पार्लरवाली पेटी भरून मोकळी झाली होती. "आम्हाला कुणी बोलवायलाच आलं नाही," ती म्हणाली.

वैजयंताबाईंना हसू आवरेना. सगळे तयार होते आणि सगळे एकमेकांसाठी थांबले होते! त्या परत दाराशी गेल्या आणि मामांना म्हणाल्या, "भाऊ, मुलगी तयार आहे. आणा तिला." मामा धावले. थोड्याच वेळात माइकवर त्रिशरण सुरू झालं.

लग्न लागल्यावर मुलीची आई त्यांना शोधत आली. "ताई, ओळखलं नाही तुम्हाला."

"कशा ओळखाल? मी कुणाचीच नाही," म्हणत वैजयंताबाईंनी खरं काय ते सांगून टाकलं. त्या माऊलीने आधी डोळे मोठे केले, मग हात धरून त्यांना पंगतीत बसवलं.

घरी आल्यावर त्यांनी मानसीला सकाळी उठवण्यापासून सगळं नव्याने आखलं. आधी पोटभर नाश्ता, मग मेकअप. घरच्यांचे फोटो लग्नाआधी. वऱ्हाड आल्यावर थोडा वेळ कशालाच न दिलेला, मोकळा. पण 'चला आता' हे म्हणायचं कुणी? मुलीकडच्यांनी म्हटलं तर घाई केली असं वाटणार. म्हणून त्या थेट नया नगरच्या पुढे राहणाऱ्या विहीणबाईंकडे गेल्या.

निकेतची आई पंचशीलाताई कोकणातल्या, मोजकं बोलणाऱ्या. ऐकून त्यांचा चेहरा जरा आखडला. "वरमाईला काम सांगताय?"

"तुमचं ऐकतील हो सगळे. माझं कोण ऐकतंय?"

"आणि आमच्याकडचंच कुणी यायचं राहिलं असेल तर?"

"तर थांबायचं की नाही, हेही तुम्हीच ठरवा."

पंचशीलाताईंनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, "त्या लग्नात नेमकं काय झालं, परत सांगा बघू."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली आणि तो मोकळा ठेवलेला वेळ तिथेच संपला. पुढे निकेतचे एक काका पार्किंग शोधत फिरत राहिले. सगळे पंचशीलाताईंकडे बघायला लागले. त्यांनी फोन लावला, "भाऊजी, तुम्ही या सावकाश. आम्ही सुरू करतोय," आणि उभं राहून म्हणाल्या, "चला, मुलीला आणा." लग्न छापल्या वेळेपेक्षा उशिराच लागलं, पण फार नाही. काका निदान शेवटच्या मंगल गाथांना पोचले. परभणीहून आलेली म्हातारी माणसं वेळेवर जेवली.

संध्याकाळी मुलीला पाठवून दोघं नवरा-बायको घरी आले. वैजयंताबाईंनी पाय वर घेतले आणि विचारलं, "अहो, तुम्ही रडलात का हो आज?"

"रडलो."

"कधी? पाठवणीला तर हसत होतात."

"मंगल गाथा चालू होत्या तेव्हा. मानसीने वळून माझ्याकडे बघितलं."

"मी कुठे होते?"

"लोकांनी टाकायची फुलं मागच्या रांगेपर्यंत पोचली का, ते बघायला गेली होतीस."

वैजयंताबाई जवळ सरकल्या. मग त्यांनी विचारलं, "कसं बघितलं हो तिने? नीट सांगा ना."

बुद्धभूषण सांगू लागले.