ताईची रक्ततपासणी

आमच्याकडे मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क, त्यामुळे ताईचं लग्न उंब्रजच्या आत्याकडे ठरलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. मी पुण्यात आनुवंशिक आजारांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. घाबरत घाबरत मीच दोघांना रक्त तपासायला सांगितलं. दोघांच्याही जनुकात थॅलेसेमियाचा तोच बदल निघाला. ते दोघं ठणठणीत होते, पण त्यांच्या मुलाला आयुष्यभर रक्त चढवावं लागण्याची भीती होती. गरोदरपणात तपासणी करता येते हेही मी सांगितलं, पण तोवर ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

"आवं दादा, बघा की, तुमची धाकटी आता आपल्याच रक्तात खोट काढाय लागली," आत्या बाबांना म्हणाली. "लय शिकवलंसा."

लग्न मोडलं. ताई मला दोष देत नाही. फक्त माझ्याशी बोलताना ती मोबाइलवरून नजर उचलत नाही.

भाऊबीजेला आत्या आली नाही. बाबा नवा सदरा घालून संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसले होते. मी चहा नेऊन दिला. त्यांनी कप घेतला, रस्त्याकडे बघतच म्हणाले, "तू बरोबरच केलंस. जा आत."