पोथीतलं आगर

गुहागरच्या स्टँडवर सकाळी सहाच्या एसटीत बसले तेव्हा पिशवीत दोन साड्या, माझ्या गोळ्या आणि उकडलेल्या शेंगा होत्या. पोथी नव्हती. गेली सहा वर्षं रोज आंघोळीनंतर मी ती वाचत आले, पण आदल्या दिवशी पनवेलहून फोन आल्यापासून कपाटाच्या त्या खणाला हात लावायची हिंमत झाली नव्हती.

फोन मानसीचा होता. ती माझ्या थोरल्या भावाची, नानाची, शेजारीण. "काकू, नानांचे पाय सुजलेत. गोळ्यांची स्ट्रिप महिनाभर तशीच पडलीय. विचारलं तर म्हणतात, पोथीत सापडलं, आता औषध नको. सकाळी सातला निघतात ते संध्याकाळी येतात. तुम्ही प्लीज या."

ही पोथी वडिलांची. ते गेल्यावर भांड्याकुंड्यांसारखी तिचीही वाटणी झाली. दोघांनाही हवी होती आणि दोघेही हट्टी. शिवण मधोमध उसवलीच होती, तिथून सरळ दोन भाग केले. पहिला नानाने पनवेलला नेला, दुसरा माझ्याकडे राहिला. चुलतभाऊ तेव्हा म्हणाला होता, "आधी गुरू करा. गुरूवाचून वाचली की पोथी उलटते." आम्ही हसलो होतो. नाना म्हणाला, "अक्षरं येतात मला. मध्ये दलाल कशाला?"

चिपळूण गेलं, महाड गेलं, माझ्या डोक्यात तो एकच शब्द फिरत होता. उलटते. नाना सत्तरीचा, हृदयाचं दुखणं जुनं, मीठ डॉक्टरांनी जवळजवळ तोडलेलं. बायको गेल्यापासून एकटा. आणि मी चार वर्षांत त्याच्याकडे फिरकले नव्हते. त्याला कारण होतं, निदान मला ते कारण वाटत होतं. माझ्या भागात संग सोडावा असं पानोपानी येतं. मी सोडला. लग्नं, बारशी, मुक्काम, सगळं बंद. नानाशी फोनसुद्धा दिवाळीपुरता, दोन मिनिटांचा. भावाची आठवण आली की पोथी उघडायची, आणि त्याला मी साधना म्हणायची.

माणगावला गाडी जेवायला थांबली. मिसळ मागवली, दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. वाटेत नागोठण्याच्या पुढे टायर बसलं आणि पाऊण तास रस्त्याच्या कडेला उन्हात उभं राहावं लागलं. एरवी मी कंडक्टरशी भांडले असते. त्या दिवशी नुसती नानाचा नंबर फिरवत राहिले. तो उचलत नव्हता.

पनवेल ओळखू येईना. पूर्वी स्टँडवरून उतरलं की भाताच्या गिरणीचा वास यायचा. आता पुलाखाली पूल आणि भिंतीला भिंत लावून टॉवर. नानाच्या दाराला कुलूप होतं. मानसी ऑफिसचा कॉल कानाला लावूनच बाहेर आली. "आगरावर गेले असतील. उरण साइडला एक शिल्लक आहे म्हणे. रोज तिथेच जातात."

आगर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आमचं घरामागचं आगर आलं. आमच्या बाजूला आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. हा पनवेलात कुठली बाग शोधतोय, असा प्रश्न पडला. खाली रिक्षावाल्याला विचारलं तेव्हा कळलं.

"आगर मतलब मिठागर, ताई. मिठाचं." रिक्षावाले रफिकभाई पनवेलचेच, साठीचे, पांढरी दाढी. "ते काका ना, पोथीवाले? मीच सोडलंय त्यांना दोन-चार वेळा."

रस्ता खाडीकडे वळला. एका बाजूला कंटेनरची रांग, दुसऱ्या बाजूला खाजण (खाऱ्या पाण्याची दलदलीची जमीन). मी भीतीपोटी बोलत सुटले. नाना, गोळ्या, पोथी, सगळं सांगून टाकलं. शेवटी विचारलं, "एकट्याने वाचून माणसाला खरा धर्म सापडतो का हो?"

रफिकभाईंनी एका कंटेनरला मागे टाकलं. "मी सौदीला होतो आठ साल. खोलीत एकटा वाचायचो. किताबमध्ये एक लफ्ज होता, त्याचा मी माझ्या मनाने अर्थ काढला आणि घरी खत लिहायचं बंद केलं. अम्मी तेवढ्यात गेली. परत आल्यावर उस्तादला विचारलं, तर त्या लफ्जचा मतलबच निराळा. वाचायला अक्कल लागते ताई, पण कोणाला तरी वाचून दाखवायला पण पाहिजे. चूक दुसऱ्याच्या कानाला पहिली कळते."

मला ते पटलं आणि पटलं म्हणून जास्तच भीती वाटली.

आगर लांबून नुसतं चमकत होतं. चौकोनी वाफे, बांध, कडेला मिठाच्या पांढऱ्या राशी. चैत्रातलं ऊन मिठावरून उलटं तोंडावर येत होतं. झावळ्यांच्या झोपडीच्या सावलीत नाना बसला होता. पाय खरंच सुजले होते, चपलांचे पट्टे रुतलेले. ओठ फुटलेले. मला बघून तो हसला तेव्हा त्याला धाप लागली.

"आलीस बायो? बरोबर वेळेला आलीस." त्याने राशीतलं मूठभर मीठ उचललं, त्यातलं थोडं माझ्यापुढे धरलं. "घे. प्रसाद आहे."

मी मागे सरकले. "नाना, तुला मीठ म्हणजे विष आहे. टाक ते."

"पोथीत काय आहे ठाऊक आहे का तुला? कृपेचं आगर. त्याची ज्याला चव लागली त्याला दुसरं औषध नको. माझा भाग त्याच पानावर संपतो." तो शाळेत शिकवावं तसं समजावू लागला. "आधी मलाही आपलं आगर वाटलं. पण मग विचार केला, नारळीच्या सावलीत तर आपण जन्मापासून होतो. तिथे कृपा असती तर एव्हाना झाली असती. म्हणजे हे दुसरं."

हसू यावं असं ते होतं. मला रडू आलं. त्याच्या बोलण्यात खोडून काढायला कुठेच जागा सापडेना. मूठ तोंडाकडे जाऊ लागली तसा मी त्याचा हात धरला.

"सोड," तो म्हणाला. "चार वर्षं आली नाहीस. आता तू मला शिकवणार?"

माझा हात आपोआप सुटला.

तेवढ्यात बांधावरून आगराचे म्हातारे राखणदार आले. बाळारामदादा त्यांचं नाव. हातात भाकरी आणि सुकटीचं फडकं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी बयीन का? तुमचा भाऊस (भाऊ) रोज येतंय. मना वाटला, भाकरीसंगं चिमूट घेतो. मूठ मूठ खातो काय?"

मी पोथीतल्या ओळीचं सांगितलं. दादा उकिडवे बसले आणि नानाच्या मुठीतलं मीठ त्यांनी बोटं उघडून काढून घेतलं, परत राशीत टाकलं.

"नाना, माजा सगला जलम आगरात गेला. मिठानं पाय चिरतात, डोळं जातात. देव कोनाला दिसला नाय. नि आमच्या आगराचा नाव पोथीत कोन लिवनार हाय? आमाला तं सातबाऱ्यात पन नीट लिवला नाय."

नाना त्यांच्याकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे वळला. "मग काय लिहिलंय त्यात? तू सांग."

मला सांगता येईना. सहा वर्षं पोथी वाचत होते, पण ते पान माझ्या भागात नव्हतं. त्याच वेळी नानाची धाप वाढली, चेहरा राखेसारखा झाला आणि तो कुशीवर कलंडला. रस्त्याला थांबलेल्या रफिकभाईंनी आणि दादांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. पनवेलपर्यंत मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसले होते. वडिलांचं नाव घ्यावं की देवाचं, तेही सुचत नव्हतं. फक्त श्वास मोजत होते.

तो वाचला. पाच दिवस दवाखान्यात होता, पाणी उतरलं, बोलू लागला. पण गोळी पुढे केली की तोंड फिरवायचा. मानसी आळणी पेज करून आणायची, तीही अर्धी उरायची. शेवटी सहाव्या दिवशी त्याने अट घातली.

"तुझ्या भागात अखेरीला कठीण शब्दांचे अर्थ आहेत ना? घरी जाऊन बघ. आगर म्हणजे मीठ निघालं तर मी माझ्या मार्गाने जाईन. तोवर गोळ्या घेतो. आणि खोटं सांगू नकोस, मला कळतं."

मानसीने सकाळ-संध्याकाळ गोळी द्यायचं कबूल केलं आणि मी परतीच्या गाडीत बसले. येताना नाना मरेल ही भीती होती. जाताना निराळीच होती: अर्थ मीठ निघाला तर काय सांगायचं?

दुपारी घर उघडलं. हातपाय धुतले, कपाटातून पोथी काढली, सहा वर्षांत कधी न उघडलेली शेवटची पानं उघडली. मला कधी काही अडलंच नव्हतं. बोट खाली सरकवलं. आगर: साठा, खाण. एवढंच.

मी तिथेच बसून फोन लावला. तीन रिंगा झाल्या तेवढ्यात काय काय मनात येऊन गेलं. नानाने उचलला.

"साठा," मी म्हटलं. "खाण."

"मीठ नाही?"

"नाही रे."

पलीकडे गोळ्यांची स्ट्रिप वाजली. मग म्हणाला, "बरं. घेतो गोळी." फोन ठेवता ठेवता त्याने सहज विचारलं, "तुझं काही अडलेलं नाही ना, बायो?"

नाही म्हणणार होते. पान मात्र आपोआप उलटलं गेलं, स वर बोट थांबलं. संग: आसक्ती, हव्यास. त्यात माणसं नव्हती. त्यात नाना नव्हता.

"बायो? आहेस ना?"

"आहे," मी म्हटलं. "तू पोथी घेऊन बस. मी माझा भाग घेऊन सोमवारच्या एसटीने येते."