आबांनी पूलची पावडर परत पाठवली

मंडळी, आज लई अभिमान वाटतोय, सांगूनच टाकतो.

सकाळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी ब्लिचिंग पावडरची गोणी स्विमिंग पूलमध्ये ओतायला निघाले. माझे वडील, आबा, कालच गावाकडून, पाचोडहून आलेत. ते आडवेच उभे राहिले. "ही टाकू नका."

सेक्रेटरी हसले. "काका, गावच्या विहिरीत हीच टाकतात ना?"

"व्हय, मीच टाकायचो. पण बादलीत कालवून, पावडरीतला चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी तेवढं ओतायचो. त्यात इथलं बोअरचं पाणी आधीच जड, काल साबणाला फेस आला नाय. पूल दुधासारखा होईल. लिक्विड क्लोरीन आणा."

कुणालाच पटेना. मग आबांनी पूलचं पाणी दोन बरण्यांत भरलं. एकीत चिमूटभर पावडर टाकली, दुसरीत पंपरूममधल्या जुन्या कॅनमधलं थेंबभर लिक्विड. पहिली पांढरीफटक झाली, दुसरी तशीच नितळ राहिली.

गोणी परत गेली.

"काका, केमिस्ट्री शिकलात का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नाय. तीस वर्षं गावाला पाणी पाजलंय."

आबा ग्रामपंचायतीत नळांना पाणी सोडायचं काम करायचे. शाळेत वडिलांचं काम विचारलं की मी मात्र 'शेती' सांगायचो. आज सगळ्यांसमोर खरं सांगितलं.

तुम्ही शाळेत वडिलांचं काम काय सांगायचात?