महानायिका आणि मंडळाचं इतिवृत्त

इथे आखातात भरणाऱ्या जुन्या सामानाच्या शुक्रवार बाजारातून लेकीने जुन्या अमेरिकन कॉमिक्सचा गठ्ठा उचलून आणला तेव्हा मी नाक मुरडलं. कुबट वास, आणि मुखपृष्ठावर चड्डीएवढ्या कपड्यांत विमान उचलणारी बाई. पंधरा वर्षांची पोर, परीक्षा तोंडावर, आणि हे! पण तिने अंक सालाप्रमाणे जमिनीवर मांडले आणि मला ओढून खाली बसवलं.

"आई, जस्ट लुक. इथे वॉर चालू आहे."

युद्धातल्या अंकांत ती बाई रणगाडे उलटवत होती, कारण पुरुष आघाडीवर होते आणि कारखान्यांत बायका हव्या होत्या. युद्ध संपलं, पुरुष परतले, आणि हीच बाई आपल्याशी लग्न कोण करील म्हणून उसासे टाकायला लागली. गरज सरो, वैद्य मरो. पुढे मोर्चांचे दिवस आले. ती मुठी आवळून भाषणं करते, पण कपडे मात्र अंकागणिक आखूड. एका अंकात तर तिला वीरांच्या मंडळात घेतात आणि बैठकीच्या नोंदी लिहायला बसवतात. बाकीचे लढायला जातात, ही वही सांभाळते.

मला शिसारी आली. "कोणत्या वर्षी बाई कशी हवी होती, त्याची चित्रंच काढून ठेवलीत मेल्यांनी," मी म्हटलं.

"एक्झॅक्टली! हेच मी मंडळात बोलणार."

आमच्या मराठी मंडळाचा वर्धापनदिन अब्बासिया भागातल्या एका हॉलमध्ये होतो. मुलांना मंचावर दहा मिनिटं मिळतात, कुणाला ते कार्यकारिणी ठरवते. अंकांतली चित्रं पडद्यावर दाखवायची ठरवून लेकीने महिनाभर भाषण घोकलं. मी मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी ही पोर, आरशासमोर उभी राहून 'समाजाची मानसिकता' म्हणत होती. तिला ती दहा मिनिटं हवी होती, आणि ती मिळतील असं मी तिला सांगून बसले होते.

बैठक फहाहीलला अध्यक्षांच्या घरी झाली. पुरुष सोफ्यावर, मी जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन. मी चिटणीस. बँकेत चार माणसं माझ्या हाताखाली आहेत, पण मंडळात माझं अक्षर चांगलं आहे.

"वहिनी, विषय छान आहे हो," अध्यक्ष म्हणाले, "पण पडद्यावर तोकड्या कपड्यातल्या बायका? फॅमिली ऑडियन्स असतो आपला."

"त्यापेक्षा तिला मोदक स्पर्धेत उतरवा," खजिनदार म्हणाले. सगळे हसले.

पुढच्याच मिनिटाला आठ-नऊ वर्षांच्या मुलींची लावणी मंजूर झाली. नऊवारी आणि घुंगरांचा खर्चसुद्धा. किळस आली मला. घरी बसून अमेरिकेला शिव्या घालताना जीभ कशी सुटली होती, इथे ती टाळ्याला चिकटली. आतून चहाचा ट्रे आला, तोही मीच उठून फिरवला. खजिनदारांना बिनसाखरेचा लागतो, हे लक्षात ठेवून.

घरी येऊन लेकीला म्हटलं, "कार्यक्रम फार झालेत गं, वेळच उरला नाही." ती "ओके" म्हणाली. तिने अंक गोळा करून कपाटात ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी सवयीने इतिवृत्त टाइप केलं आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. त्या ग्रुपवर लेकही आहे, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली आणि एकेका अक्षरावर थांबत वाचू लागली.

"विषय क्रमांक सहा. सदर भाषण कार्यक्रमातून वगळण्याचे सर्वानुमते ठरले." तिने वर पाहिलं. "सर्वानुमते मीन्स एव्हरीवन, राइट?"

"तसं लिहायची पद्धत असते," मी म्हटलं.

"पण यू वेअर देअर. तू नाही म्हणालीस?"

मी गॅस बारीक केला. काहीतरी करायचं म्हणून केला, भाजी शिजायची होती अजून. लाज वाटली म्हणणं सोपं आहे. मला माझीच घाण वाटली, त्या चित्रकारांची वाटली होती त्याहून जास्त.

ती आत गेली आणि एक अंक घेऊन आली. वीरांच्या मंडळाचा. ते पान उघडून तिने ओट्यावर ठेवलं: रिकामी खोली, वहीवर वाकलेली ती धिप्पाड बाई.

"हिनेही सर्वानुमतेच लिहिलं असेल ना?" ती म्हणाली. महिनाभर घोकलेल्या स्वच्छ मराठीत, एकही इंग्रजी शब्द न वापरता.