अक्काची साधी गाठ

मंगळवार होता. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात मी नुकताच डबा उघडला होता. डब्यात अक्कानंच सकाळी केलेली दोडक्याची भाजी होती. फोनही तिचाच आला, शाळेच्या स्टाफरूममधून. "पुट्टा, रिपोर्ट आला. बिनाइन म्हणे." एवढं सांगून, तिसरीचा तास आहे म्हणत तिनं फोन ठेवलासुद्धा. मी एकावन्न वर्षांचा आहे, पण थोरल्या बहिणीच्या लेखी शेवटपर्यंत पुट्टाच राहिलो, म्हणजे छोटा.

संध्याकाळी घरी पोचलो तर चुलतभाऊ विठ्ठलअण्णा मैसूरपाकाचा डबा घेऊन आधीच हजर. कॅन्सर नाही, साधी गाठ आहे, आता काळजी मिटली, असं तो सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगत होता. अक्कानं मैसूरपाकाचा तुकडा हातात घेतला, थोडा वेळ बघितला आणि परत ठेवला. म्हणाली, "पेढे-मिठाई कशाला अण्णा? गाठ अजून आहे तिथंच आहे. फक्त तिचं नाव कळलंय."

घरात आजारपण आलं की औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर किस्सेही साठत जातात. चिठ्ठ्या फाइलीत लावता येतात. किश्श्यांचं काय करायचं ते कळत नाही. अक्काला जाऊन आठ महिने झाले. अजूनही भेटेल तो विचारतो, "पण गाठ तर साधी होती ना?" प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सांगून टाकतो.

*

गाठ जिभेच्या अगदी मुळाशी होती, घशाच्या तोंडावर. नसेच्या आवरणापासून वाढणारी अशी गाठ त्या जागी फार क्वचित सापडते म्हणे. त्यामुळे पहिल्या मोठ्या हॉस्पिटलातले प्रोफेसर-डॉक्टर एकदम खूश झाले. "माझ्या सगळ्या प्रॅक्टिसमध्ये पहिलीच," असं म्हणत त्यांनी माझ्याशी हात मिळवला, जणू मी स्पर्धेत काही जिंकून आणलं होतं.

मग विद्यार्थी आले. नऊ जणांनी टॉर्च मारून आत पाहिलं. दोघांनी फोटो काढले. एक जण हळूच "ब्युटिफुल" म्हणाला. अक्का सगळा वेळ आ करून बसली होती.

शेवटी तिनं तोंड मिटलं. रुमालानं ओठ पुसले आणि वर्गात विचारते तसं विचारलं, "मला गिळताना नेमकं काय होतं, हे कुणाला माहीत आहे? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. प्रोफेसरांचाही नाही.

*

होसकोटेजवळच्या त्या कन्नड शाळेत अक्का एकोणतीस वर्षं शिकवत होती. तिच्या घशात गाठ आहे हे कळल्यावर हेडमास्तरांनी आधी सहानुभूती दाखवली आणि मग लगेच तंबाखूविरोधी कार्यक्रमात भाषण करायला सांगितलं. मुलांना प्रत्यक्ष उदाहरण दिसेल, असं त्यांचं म्हणणं.

अक्का म्हणाली, मी जन्मात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नाही. हेडमास्तर म्हणाले, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, टीचर." आमच्या गावात यावर पुढं बोलायची सोय नसते. जरा जमवून घ्या म्हटलं की जमवून घ्यायचं.

तिनं जमवून घेतलं. स्टेजवर जाऊन मुलांना कन्नडमध्ये सांगितलं, की तंबाखू खाऊ नका. पण माझी गाठ तंबाखूनं झालेली नाही. ती कशानं झाली ते डॉक्टरांना माहीत नाही आणि हेडमास्तरांनाही माहीत नाही. मोठ्या माणसांना बऱ्याच गोष्टी माहीत नसतात.

मुलांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या, की त्या वर्षी आभारप्रदर्शन राहून गेलं.

*

प्रोफेसरांचा निर्णय असा झाला की थांबायचं. कॅन्सर नाही, हळूहळू वाढते आहे, काढायला गेलं आणि नसेला धक्का लागला तर बोलणं बिघडेल. सहा महिन्यांनी या, तेव्हा बघू.

अक्कानं सांगितलं, की बोलणं आत्ताच बिघडत चाललंय, तोंडात गरम घास धरून बोलावं तसं येतं आणि माझं पोट बोलण्यावर आहे. ते हसून म्हणाले, "मग थोडी सुट्टी घ्या, मॅडम. रेस्ट द्या आवाजाला."

परतीच्या रिक्षात ती म्हणाली, "त्यांना वाटतंय, मी हौसेनं बोलते."

मला तेव्हा राग आला होता. पण रिपोर्टवरचा तो एक शब्द मलाही गोड लागत होता. सहा महिने तर सहा महिने, असं मीच तिला समजावलं. हे लिहून ठेवायला हवं.

*

तीन महिन्यांत तिला हजेरी घेणं जमेना. बेचाळीस नावं एका दमात घेताना मधेच आवाज बसायचा आणि ठसका लागायचा. मग तिनं पद्धत बदलली. रजिस्टर उघडून ती फक्त उभी राहायची. मुलं आपापली नावं ओळीनं सांगायची आणि ती खूण करत जायची. शेजारी गैरहजर असेल तर त्याचं नाव बाजूचा सांगायचा. रजिस्टरात एक चूक होत नव्हती.

नेमकी त्याच आठवड्यात वरून तपासणी आली. साहेब मागच्या बाकावर बसून बघत होते. त्यांना वाटलं, हा काही नवीन प्रयोग आहे. शेऱ्याच्या वहीत त्यांनी लिहिलं, की शिक्षिका स्वतः कमी बोलून मुलांना बोलतं करतात, हा उपक्रम इतर शाळांनी जरूर राबवावा.

पुढच्या महिन्यात आसपासच्या चार शाळांतल्या ठणठणीत घशाच्या बाया हजेरीच्या वेळी तोंड मिटून उभ्या राहायला लागल्या.

अक्का ते सांगताना हसता हसता ठसकली. ठसका थांबायला दहा मिनिटं लागली. तेव्हा आम्ही दुसरा डॉक्टर शोधायचं ठरवलं.

*

दुसरा सर्जन तरुण होता आणि कमी बोलणारा. त्यानं फोटो काढला नाही. पाणी प्यायला सांगितलं, ती कशी पिते ते पाहिलं आणि म्हणाला, "हे काढायला हवं. तोंडातूनच काढता येईल. लवकर या." इतक्या महिन्यांत गिळण्याबद्दल विचारणारा हा पहिला माणूस.

आता अडलं विमा कंपनीपाशी. अक्कानं फोन स्पीकरवर ठेवला होता. पलीकडच्या बाईंचं म्हणणं, दातांचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत.

अक्का म्हणाली, दात नाही, जीभ आहे.

"पण मॅडम, जीभ तोंडातच असते ना?"

"हो," अक्का म्हणाली. "तुमचीही."

मी पुन्हा सगळे कागद पाठवले. दोन आठवड्यांनी उत्तर आलं. या वेळी दातांचा उल्लेख नव्हता. गाठ बिनाइन असल्यामुळे शस्त्रक्रियेची तातडी दिसत नाही, असं होतं. जो शब्द ऐकून आम्ही मैसूरपाक वाटला, तोच शब्द त्यांनी आमच्या तोंडावर फेकला होता. अक्कानं ते पत्र दोनदा वाचलं आणि लाल पेननं त्यातल्या व्याकरणाच्या तीन चुका दुरुस्त केल्या. मी म्हटलं, विमा गेला खड्ड्यात, आपण ऑपरेशन करून घेऊ, लग्न झालं की लगेच.

*

लग्न विठ्ठलअण्णाच्या मुलीचं. पंगतीत अक्का नुसता ताकभात कालवून बसली होती. येणारा-जाणारा टोकत होता. कॅन्सर थोडाच आहे, चिरोटी तरी खा की अक्का, शुभकार्य आहे. तिला नाही म्हणायचा कंटाळा आला असावा. तिनं माझ्याकडे पाहिलं.

चिरोटी चुरून, त्यावर दूध ओतून वाटी मीच तिच्या हातात दिली.

दुसऱ्या घासाला ते भलतीकडं गेलं. चारी बाजूंनी लोक पाठ थोपटायला धावले. ठसका थांबला तेव्हा सगळे हसले, अण्णा म्हणाला, कुणीतरी आठवण काढली वाटतं. तिसऱ्या दिवशी ताप चढला. डॉक्टरांनी सांगितलं, गिळलेलं बऱ्याच दिवसांपासून थोडं थोडं छातीत जात असणार. अकराव्या दिवशी अक्का गेली. दाखल्यावर न्यूमोनिया आहे. गाठीचा उल्लेख नाही, कारण ती साधी होती.

*

गेल्या महिन्यात पहिल्या हॉस्पिटलातून फोन आला. ज्युनिअर डॉक्टर होती, आवाजानं नम्र. अक्काच्या गाठीवर प्रोफेसर एका जर्नलमध्ये लेख देत आहेत, फोटो छापायला पेशंटची सही हवी, डोळ्यांवर काळी पट्टी असेल, ओळख पटणार नाही.

मी सांगितलं, पेशंट वारली.

मागे कागद उलटल्याचा आवाज आला. "सॉरी सर. आमच्याकडे लिहिलंय, रुग्णाची प्रकृती उत्तम, सहा महिन्यांनी तपासणीसाठी आली नाही."

मी म्हटलं, तसंच छापणार का?

"नाही सर, बदलू या. मी फॉर्म पाठवते. जवळच्या नातेवाइकाची सही चालते. खाली एक ओळ मोकळी ठेवते. पेशंट का आली नाही, ते तुमच्या शब्दांत लिहून द्या. पण सर, स्वल्प थोडक्यात. जागा एकाच ओळीची आहे."

फॉर्म आला त्याला पाच आठवडे झाले. ती ओळ मी अजून लिहिलेली नाही.