गुरुवारचा आवाज

बोलायच्या आधी ते उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर टेकवायचे, चिमूटभर मीठ उचलल्यासारखे. ती चिमूट टेबलाच्या वर क्षणभर तशीच राहायची. मग बोटं सुटायची आणि शब्द यायचा.

"सावकाश. घाई नाही आपल्याला."

गुरुवारी रात्री साडेनऊला स्टुडिओतला लाल दिवा लागला की त्यांचं पहिलं वाक्य हेच. त्या वर्षांत तुमच्या घरी किंवा शेजारी रेडिओ असेल, आणि तुम्ही सातारा-सांगलीकडचे असाल, तर हा आवाज तुम्ही ऐकला असेल. मी त्यांचं नाव लिहीत नाही. लोकही त्यांना नावानं ओळखत नसत. कार्यक्रमाचं नाव 'रात्रीची ओसरी', म्हणून ते ओसरीवाले.

मी काचेच्या अलीकडे बसायचो. आवाजाची बटणं, तबकड्या आणि टेपची मशीनं माझ्याकडे. काचेपलीकडे ते आणि त्यांचा त्या दिवशीचा पाहुणा. आवाज येतो म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. पाहुणा म्हणजे कधी हाडं बसवणारा वैदू, कधी हळदीच्या पेवात, जमिनीखालच्या कोठारात, उतरणारा माणूस, कधी तीस वर्षं एकाच पुलावर जकातनाकं सांभाळलेला म्हातारा. तासभर गप्पा. लिहून आणलेलं काही नाही. त्यांचा एकेक शब्द लांबून होडीत बसून आल्यासारखा यायचा. मधल्या शांततेत मला स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची, आणि बाहेर गावंच्या गावं त्याच शांततेत बसून आहेत असं वाटायचं.

बोलणंही वेगळं होतं. पावसाला ते पाऊस म्हणायचे नाहीत, "आभाळ उतरलं" म्हणायचे. पत्राला चिठ्ठी. पहाटेला "उजेडाच्या आधीची वेळ". श्रोत्यांना ही कविता वाटायची. मलाही वाटायची.

आणि बहुतेकांना ती दारू वाटायची.

याची सुरुवात कुणी केली कोण जाणे. पण एवढं थांबत थांबत, एवढं गोड आणि तेही रात्रीचं बोलणारा माणूस शुद्धीवर असेल, हे कुणाला पटेना. कराडच्या स्टँडवर मी कानांनी ऐकलंय, "दोन घोट घेतल्याबिगर असलं बोलणं येत न्हाई, गड्या." यात राग नसायचा, कौतुकच असायचं. केंद्रावर चिठ्ठ्या यायच्या, "आवं दादा, कारेक्रम लय झ्याक. पर जरा कमी घेत जावा. तुमी आमाला हवं हाय." कडेगावकडचा एक बागायतदार तर गुळाच्या ढेपेबरोबर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली बाटलीच घेऊन आला. यांनी दोन्ही हातांनी ती स्वीकारली, त्याला चहा पाजला, आणि तो गेल्यावर बाटली माझ्यासमोर ठेवली.

"तुझ्या मशीनला लागते ना?"

टेपच्या मशीनचं डोकं आम्ही स्पिरिटनं पुसायचो. त्या बाटलीवर माझं मशीन चार महिने लख्ख राहिलं. त्यांनी स्वतः कधी थेंब घेतल्याचं मी पाहिलं नाही. पण अफवा खोडावी असंही त्यांना कधी वाटलं नाही. मी विचारलं तर हसायचे. वर्षंच्या वर्षं मी तो त्यांचा मोठेपणा समजत होतो.

सांगलीच्या गावभागात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. आई-वडील गेलेले, धाकटी बहीण प्रभा सोबत. स्वतः लग्न केलं नव्हतं. कार्यक्रम संपला की परगावच्या पाहुण्याला एसटी मिळायची नाही, म्हणून ते त्याला घरी आणायचे. प्रभा उठून पिठलं-भाकरी करायची. ती बोलण्यात चटपटीत, शाळेत शिकवायची. ते तिला छबू म्हणायचे.

प्रभासाठी फलटणचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट, घर चांगलं. बोलणी करायला जाताना त्यांनी मला सोबत घेतलं. "तिथे तू बोल. मी हो हो म्हणतो," म्हणाले. रेडिओवर तास तास बोलणारा माणूस असं म्हणतो याची मला गंमत वाटली.

साताऱ्याला गाडी बदलली. मी खाली चहा सांगत होतो तोवर ते आत जाऊन बसले. मी चढलो तेव्हा कंडक्टर त्यांच्यासमोर उभा होता.

"कुठं?"

त्यांनी चिमूट केली. ओठ मिटले. मिटलेलेच राहिले. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळे एकीकडे वळले. मला कळेना काय होतंय.

"आवं, बोला की. गाडी भरलीया."

"सकाळच्यालाच लावलीया वाटतं," मागनं कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

शेवटी त्यांचे ओठ सुटले. "शेवटचं ठिकाण. दोन द्या," ते म्हणाले. मी पुढे सरकेपर्यंत कंडक्टरनं तिकिटं फाडलीसुद्धा. आणि तेवढ्या चार शब्दांवरून मागच्या बाकावरचा एक फेटेवाला ताडकन म्हणाला, "आरं, हे तर ओसरीवालं! म्हंजी खरंच हाय की. घेत्यात बरं का हे."

गाडी फलटणच्या पुढे जाणारी होती. आम्ही फलटणला उतरलो तेव्हा कंडक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, "तिकीट फुडचं, आन् उतरत्यात हितंच. संबाळून न्या त्यास्नी." फेटेवालाही आमच्यामागून तिथेच उतरला.

स्टँडबाहेर एका कडुनिंबाखाली ते थांबले. तिथे त्यांनी मला सांगितलं. लहानपणापासून जीभ अडते. ओठ मिटून सुरू होणारी प, फ ही अक्षरं तर दारातच अडून बसतात. म्हणून आयुष्यभर त्यांनी वाटा काढल्या. एक शब्द अडेल असं दिसलं की दुसरा शोधायचा. तो मिळेपर्यंत थांबायचं. चिमूट त्यासाठी. पाऊस म्हणता येत नाही म्हणून आभाळ उतरायचं.

"रेडिओवर सोयीचे शब्द माझे मी निवडतो," ते म्हणाले. "गावांची नावं कशी निवडू?"

मी चार वर्षं त्यांच्या आवाजावर काम करत होतो. माझ्या मशीनवरचा आवाजाचा काटा हलायचा थांबला की मी म्हणायचो, काय सुंदर थांबतात! बाहेरच्या लोकांपेक्षा मी काय वेगळा होतो?

मुलाकडच्यांनी आमचं छान केलं. मी बोललो, ते हो म्हणाले. आठ दिवसांनी पत्र आलं. मुलगी पसंत आहे, परंतु भावास व्यसन असल्याचे आमच्या शेजारच्या गृहस्थांनी गाडीत प्रत्यक्ष पाहिले आहे, तरी क्षमस्व. फेटेवाला त्यांच्या शेजारीच राहणारा निघाला.

प्रभानं ते पत्र माझ्या हातात दिलं. ते समोरच खुर्चीवर बसले होते.

"दादा, एकदा सांगून टाक ना सगळ्यांना," ती म्हणाली. "माझ्या लग्नासाठी नव्हे रे. मला राग येतो."

ते खाली बघत म्हणाले, "लोक दारुडा म्हणतात. त्यात जरा तरी रुबाब आहे, छबू. तोतऱ्याला कसला रुबाब?" मग हळूच म्हणाले, "आणि तोतऱ्याच्या हातात रेडिओ कोण ठेवेल?"

भीती ती होती. गुरुवारचा एक तास सोडला तर उरलेला आठवडा त्यांनी मुक्यासारखा काढलेला असायचा. ऑफिसात चिठ्ठ्या लिहायचे. चहा सांगताना बोटं दाखवायचे. तो तासही गेला तर काय राहणार? प्रभानं पुन्हा विषय काढला नाही. पत्र तिनं चुलीत घातलं.

त्यानंतर महिना-दीड महिन्यानं हिराबाई आल्या. मलकापूरच्या, ऊसवाल्या घरातल्या. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचे मालक सरहद्दीवर होते. ते दिवस घरी कसे काढले, ते त्यांनी सांगायचं होतं. गावच्या ग्रामसेवकानं नाव सुचवलं होतं. बरोबर दीर आला होता, तो बाहेर बाकावर बसला. बाई स्टुडिओत येताना नुसत्या मान हलवत होत्या. मला वाटलं, लाजतात.

लाल दिवा लागला. "सावकाश. घाई नाही आपल्याला," झालं. मग त्यांनी विचारलं, "हिराबाई, लढाई चालू असताना चिठ्ठी यायची, तेव्हा काय वाटायचं?"

"प… प…"

बाईंनी पदर तोंडाशी नेला. पुन्हा सुरुवात केली. "पो… पो…" मान ताठ झाली, डोळे एकीकडे वळले. साताऱ्याच्या गाडीत पाहिलेलं सगळं मला काचेतून पुन्हा दिसत होतं. शब्द काही येईना. हा कार्यक्रम थेट जायचा. दोन जिल्हे ऐकत होते. माझा हात तबकडीकडे गेला. असं काही झालं तर गाणं लावायचं, हे ठरलेलं होतं.

त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको.

मग ते बाईंकडे वळले. या वेळी हात टेबलावर सपाट होता, चिमूट नव्हती.

"माझं प… प… प…"

माझा काटा उडायचा, पडायचा, उडायचा.

"…पण असंच होतं."

'माझंही' म्हणता आलं असतं. असे शब्द त्यांच्याकडे ढिगानं होते. त्यांनी मुद्दाम 'पण' घेतलं.

बाईंनी पदर खाली केला. "तुमास्नी बी व्हतं व्हय?"

"लहान होतो तेव्हापासून. अलीकडे एकदा फ… फ… फलटणला निघालो होतो. कंडक्टरनं विचारलं, कुठं? मला काही ते गाव सांगता येईना. शेवटी प… पुढचं तिकीट काढलं आणि मधेच उतरलो. लोक म्हणाले, चढलीय." ते हसले. "माझ्या बहिणीचं नाव मी वीस वर्षांत हाकेत घेतलेलं नाही. अडतं म्हणून छबू म्हणतो. तिचं नाव प… प… प्रभा आहे. ती ऐकत असेल."

हिराबाई मोठ्यानं हसल्या. "आवं, मला वाटलं माजं एकटीचंच हाय!"

आणि मग त्या बोलल्या. अडत, थांबत, पुन्हा मागे जाऊन. दोघांपैकी कुणीच घाई केली नाही. त्या म्हणाल्या, "पो… पोस्टमन वळणावरनंच आरडायचा, 'हाय गं, हाय!' चिठ्ठी फोडायच्या आदीच. म्या इचारलं, न फोडता कसं कळतंया? तर म्हनला, वरचं अक्षर त्येचंच हाय न्हवं? हात चालतुया म्हंजी मानूस हाय." त्यांनी पदर सारखा केला. "मला वाचाया येत न्हाई. पर त्ये अक्षर मी दिव्याफुडं धरून बघत बसायची. रातभर."

कार्यक्रम सात मिनिटं लांबला. पुढच्या कार्यक्रमाची सुरुवात मी कापली. नोकरीतला तो माझा पहिला गुन्हा.

ते बाहेर आले तेव्हा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "प… पाणी." आजवर ते मला "तांब्या दे" म्हणायचे.

हिराबाई आणि दीर यांना घेऊन आम्ही ओसरीवाल्यांच्या घरी पोचलो तेव्हा प्रभा दारातच उभी होती. रडून डोळे लाल झाले होते. हिराबाईंचा हात धरून ती त्यांना आत घेऊन गेली.  जेवताना भावाच्या ताटात तिनं तूप जास्त वाढलं.

पुढच्या आठवड्यात चिठ्ठ्यांचा ढीग पडला. सगळ्या गोड नव्हत्या. एकानं लिहिलं, "आमाला पेलेलाच बरा वाटत हुता. आता ऐकताना आमचाच जीव वर-खाली हुतो." दुसऱ्यानं लिहिलं, रेडिओवर अडखळणारा माणूस कशाला? पण आमचे वरिष्ठ त्यांना एवढंच म्हणाले, "गुरुवार तुमचाच." आणि त्याच ढिगात कुणीकुणी आपल्या मुलीचं, मालकाचं, स्वतःचं लिहिलेलं होतं. त्या चिठ्ठ्यांची उत्तरं ते हातानं लिहीत बसायचे. कुणी भेटायला आलं तर स्टुडिओबाहेरच्या बाकावर ते दोघं बसलेले दिसायचे, आणि तिथून बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही.

फलटणहून मुलाचे वडील स्वतः आले. गैरसमज झाला म्हणाले. प्रभानं चहा दिला, नमस्कार केला आणि सांगितलं, "तुम्ही शेजाऱ्याला विचारलंत. आम्हाला विचारलं असतंत तर मी तुमच्या घरी आले असते." दोन वर्षांनी तिचं वाईच्या एका शिक्षकाशी लग्न झालं. तिथेच तिला शाळाही मिळाली.

ओसरीवाल्यांनी आणखी चार-पाच वर्षं 'ओसरी' चालवली. आवाजातली ती होडी आता मधेच खडकाला लागायची, मग पुन्हा सुटायची. मला तो जास्त आवडायला लागला होता. पुढे छातीचं दुखणं निघालं, नोकरी सोडली आणि बहिणीकडे वाईला राहायला गेले. त्यांचा एकही कार्यक्रम आमच्याकडे राहिला नाही. थेट जायचे. ठेवून घ्यावेत असं तेव्हा कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

ते गेल्याची बातमी मला उशिरा कळली. मी वाईला गेलो तो दिवस थंडीचा होता. कृष्णेवरून धुकं वर आलं होतं आणि घाटाच्या पायऱ्या अर्ध्या त्यात बुडाल्या होत्या. प्रभा सांगत होती, शेवटी शेवटी दादा खूप बोलायचा. शब्द निवडायचा नाही. कुणीही दारात आलं की सुरू. माणसं थांबायची.

तेवढ्यात दूधवाला आला. तिनं पातेलं पुढे केलं, त्यानं माप ओतलं. ती आत गेली. तो मात्र किटली हातात धरून उंबऱ्याशी तसाच उभा राहिला, दारातल्या त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, कुणीतरी वाक्य पुरं करण्याची वाट बघावी तसा. बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं. माझ्याकडे बघून तो ओशाळवाणं हसला आणि धुक्यात उतरून गेला.