येतानाची पाळी तिची

आम्ही आखातात, दुखानला तेल कंपनीच्या टाउनशिपमध्ये राहायचो आणि लेकीची शिकवणी होती शहरात, अबू हमूरला. दर शनिवारी तासाभराचा रस्ता जायला आणि तेवढाच यायला. गाडीत गाणी कोणाची लावायची यावरून आमची जुंपली, तेव्हा बायकोने निवाडा दिला: जाताना बापाची, येताना लेकीची. मी नियमाला पक्का. जाताना नाट्यगीतं लावायचो आणि लेक कानांत बोटं घालून बसायची.

पहिल्याच शनिवारी परतताना गाडीतून अशी घरघर यायला लागली की मी कान टवकारले. आवाजावरून कंप्रेसरचं बेअरिंग गेलं की नाही हे ओळखण्याचाच मला पगार मिळतो. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, भर उन्हात बॉनेट उघडलं, तरी घरघर चालूच. लेक आतून शांतपणे म्हणाली, "बाबा, दॅट्स द बेस गिटार."

मग उरलेल्या रस्त्यात तिने मला इंग्रजीत धडा दिला. वाजवणारे फिनलंडचे. एरवी ते आपापल्या बँडमध्ये ब्लॅक मेटल वाजवतात, म्हणजे सुसाट ड्रम आणि गळा फाटेस्तोवर किंचाळणं. हा बँड त्यांचा फावल्या वेळातला उद्योग. इथे त्या किंचाळण्यात ते स्टोनर रॉक मिसळतात, म्हणजे वाळवंटातल्या रस्त्यावर ऐकावं असं संथ, जड, एकच सूर घोळवत नेणारं गिटार. बर्फातल्या माणसांना वाळवंटाची एवढी हौस असेल तर ऑगस्टात दुखानला या म्हणावं, मी म्हणालो. लेक खूप हसली.

ते संगीत आवडलं असं मी आजही म्हणणार नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. घरात हूं की चूं न करणारी ही मुलगी त्या गोंगाटात बोलायची. मैत्रीण रुसल्याचं तिथेच सांगितलं. इंजिनीअरिंग नको, आर्किटेक्चर करायचंय, हेही तिथेच. आईला नंतर कळलं. मी आठवडाभर त्या परतीच्या तासाची वाट बघायचो, आणि हे तिला कधी सांगितलं नाही.

तिला पुण्याला प्रवेश मिळाला. तिला हॉस्टेलवर सोडायला बायको बरोबर निघाली. विमानतळावर जाताना मी म्हटलं, आज तुझी लाव. माझ्याच्याने ती नाट्यगीतं ऐकवली नसती.

"नको बाबा," ती म्हणाली. "जाताना तुझी. येताना माझी. चीटिंग नाही करायची."

मी नाट्यगीतं लावली. तिने कानांत बोटं घातली नाहीत. मागच्या सीटवर बायको खिडकीबाहेर बघत राहिली.

दोघींना आत सोडून मी पार्किंगमध्ये आलो. वाटलं, आज काहीच लावू नये. पण नियम म्हणजे नियम. फिनलंडवाल्यांना लावलं आणि दुखानचा रस्ता धरला. वाटेतलं शहानिया गाव मागे पडल्यावर ती ओळखीची घरघर सुरू झाली. याच सुमाराला ती बोलायला लागायची. मी सवयीने आवाज थोडा कमी केला आणि विचारलं, "मग, काय म्हणतेस?"

बाजूच्या सीटवर तिची पाण्याची बाटली तेवढी होती. मी गाडी कडेला घेतली. या वेळी बॉनेट उघडलं नाही.